कळसूबाईच्या वाटेवरचा वणवा

संगमनेरला आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारामागच्या खोलीत रोज संध्याकाळी सात ते नऊ मुलांची अभ्यासिका चालते. ऑफिस सुटले की आम्ही तिथे जाऊन बसतो. दहावीच्या मुलांना गणित आणि कॉमर्सच्या मुलांना जमाखर्च शिकवतो. वर्षातून एकदा मुलांची सहल काढायची, हा तिथला रिवाज. आजवर मुले अजिंठ्याला जाऊन आली, महाडच्या चवदार तळ्यावर आणि भीमा कोरेगावलाही जाऊन आली. या खेपेला मात्र मुलांनी आम्हाला न विचारताच ठरवून टाकले. म्हणाली, "काका, यंदा कळसूबाई!"

मुलांचे म्हणणे रास्त होते. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर आपल्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यात उभे. उंची 1646 मीटर, म्हणजे 5400 फूट. पुण्या-मुंबईची पोरे रातोरात गाड्या करून येतात आणि चढून जातात. आपल्या मुलांनी मात्र ते भूगोलाच्या पुस्तकातच पाहावे, हे बरे नव्हे. तरीही आम्ही नुसते "बघू" म्हणालो. त्या डोंगराकडे आम्ही चोवीस वर्षे फिरकलो नव्हतो. त्याचे कारण आम्ही कोणाला सांगितले नव्हते. आमच्या मंडळींनासुद्धा नाही.

शेवटी 19 जानेवारी 2025 चा रविवार ठरला. चौदा मुले, आमची धाकटी, आमच्या मंडळी आणि आम्ही. दोन जीपगाड्या ठरवल्या. मंडळींनी पहाटे उठून बाजरीच्या भाकरी, ठेचा, बटाट्याची सुकी भाजी आणि उकडलेली अंडी बांधून घेतली. वर गरम चहा करता येईल म्हणून छोटा स्टोव्हही पिशवीत ठेवला. तो आम्ही काढून बाजूला ठेवला आणि जरा चढ्या आवाजात म्हणालो, "डोंगरावर विस्तव न्यायचा नाही." त्यांनी आमच्याकडे नवलाने पाहिले. मग चहा थर्मासात भरला.

अकोले, राजूर, शेंडी करत साडेसातला बारी गावात पोचलो. शिखराची नेहमीची वाट इथूनच चढते. गाव महादेव कोळी समाजाचे. एका घरी दुपारच्या पिठल्याची वर्दी दिली. त्या घरचे सत्तरी ओलांडलेले बाबा हातात काठी घेऊन शेळ्यांमागे वर निघाले होते. म्हणाले, "चला, अर्ध्या वाटंपर्यंत मी हायेच." मुलांना आयताच वाटाड्या मिळाला.

गाव सुटले की भाताची खाचरे लागतात. जानेवारीत ती कापणी होऊन कोरडी पडलेली असतात. मग चढ सुरू होतो आणि दोन्ही अंगाला छातीएवढे पिवळे गवत लागते. पावसाळ्यात हिरवेगार दिसणारे हेच गवत आता हात लावला तरी कडकड मोडत होते. तासाभराने एक ओहोळ आडवा आला. पलीकडच्या अंगाला हिरडा, जांभूळ, ऐन यांची उंच, दाट झाडी. अलीकडच्या उतारावर मात्र गवत, करवंदीच्या जाळ्या आणि घाणेरीची झुडपे. मधूनमधून जुन्या खोडांच्या बुडख्यांतून फुटलेले मनगटाएवढे फोक. मोठे झाड एकही नाही.

धाकटीने विचारले, "बाबा, डोंगर एकच, पाऊस एकच, मग हे अंग असं बोडकं का?"

"वणवा," बाबा म्हणाले.

मुलांना खरे वाटेना. नुकतीच त्यांनी अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसला जळणारी घरे मोबाईलवर पाहिली होती. वणवा म्हणजे आभाळाला भिडलेल्या ज्वाळा, अशी त्यांची समजूत. बाबांनी त्यांना ऐनाच्या एका बुंध्यापाशी नेले. झाड केव्हाच वठलेले, नुसता पुरुषभर उंचीचा बुंधा उभा. खालून पाहिले तर साधे खोड. पण डोंगराकडच्या अंगाला माणूस बसेल एवढी पोकळी, आणि आतून कोळसा. बाबा म्हणाले, "आपल्याकडची आग झाडावर चढत न्हाई, भुईवरून सरपटत येती. पाचोळा ओघळून झाडाच्या वरल्या अंगाला साचतो, म्हून आगपण तिथंच जास्त वेळ बसती. एका वर्साला साल जळती, दुसऱ्या वर्साला लाकूड. चार-पाच वेळा झालं की झाड आतून पोकळ."

आम्ही खतावण्या तपासणारे. झाडाची अशी खतावणी प्रथमच पाहिली. प्रत्येक उन्हाळ्याची नोंद त्या लाकडावर होती.

एका मुलाने विचारले, "पण काका, जाळल्यावर गवत चांगलं येतं म्हणतात ना?" ही समजूत आपल्या खेड्यापाड्यांत सर्रास आहे आणि ती सगळीच खोटी नाही. गवताची मुळे जमिनीखाली असतात, ती सहसा जळत नाहीत, आणि वरचे वाळके गेल्यामुळे नवा कोंब लवकर दिसतो. पण जमिनीवर पडलेले बी जळून जाते आणि रोपे जळतात. लावा, तित्तिर, टिटवी ही पाखरे भुईवरच अंडी घालतात, तीही जातात. दरवर्षी आग लागली तर झाड वाढायला सवडच मिळत नाही. आणि मोठे नुकसान पुढे पावसात होते. या पट्ट्यातला पाऊस म्हणजे मुसळधार. जवळच्या घाटघरला तर नगर जिल्ह्याचे चेरापुंजी म्हणतात. उघड्या पडलेल्या उतारावर असा पाऊस कोसळला की माती वाहून जाते. एकदा कातळ उघडा पडला की तिथे काही रुजत नाही.

बाबा पुढे म्हणाले, "ह्यो वणवा लई मोठा व्हता. दोन दिस जळत व्हता. आम्ही समदी वाडी निरगुडीचे टहाळे घेऊन झोडपत व्हतो. माझ्या थोरल्या भावाचे हात भाजले." थोडे थांबून म्हणाले, "आन् चौकशी आमच्याच वाडीत झाली. भावाला दोन दिस बसवून ठेवलं. त्याचा राब नेमका त्याच टायमाला भाजलेला."

मुलांना राब म्हणजे काय ते माहीत नव्हते. भाताची किंवा नाचणीची रोपे टाकण्याआधी तेवढ्या वाफ्यावर शेण, फांद्या, पालापाचोळा, माती यांचे थर पसरून भाजतात. त्यातून कधी ठिणगी उडते, हे खरे. मोहाची फुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात, मधाच्या पोळ्याला धूर देतात, त्यातूनही आग जाते. पण बाबांचा भाऊ राबाजवळ पाण्याची घागर घेऊन बसणारा माणूस होता.

"मग आग कोणी लावली होती?" धाकटीने विचारले.

"काय ठावं, पोरी. त्या दिशी कालेजची पोरं वर गेलती म्हनत्यात."

आमचे पाय तिथेच थांबले.

वाचकहो, आता मूळ गोष्ट सांगतो. 2001 सालच्या मार्चमध्ये आम्ही बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होतो. परीक्षा तोंडावर आलेली. आम्ही चौघे मित्र अभ्यासाचा कंटाळा घालवायला एसटीने इथे आलो. वरपर्यंत गेलोच नाही. एका ओहोळापाशी तीन दगड मांडून चहा केला. उरलेल्या पाण्याने विस्तव विझवला, निदान आम्हाला तसे वाटले. गावाजवळ उतरलो तेव्हा मागे वळून पाहिले, तर डोंगराच्या कुशीत धुराची एक बारीक रेघ दिसली. चौघांनीही ती पाहिली. कोणी काही बोलले नाही. राजूरला जाणारी एसटी उभी होती. आम्ही पळत जाऊन ती पकडली.

त्या रेघेचे पुढे काय झाले, ते आम्ही कधी विचारले नाही.

आता मात्र आम्ही विचारले, "बाबा, हे कोणत्या सालचं?" बाबा म्हणाले, "साल न्हाई सांगता येत. थोरली सून घरात आली, त्याच उन्हाळ्यात." सुनेचा थोरला मुलगा आता बावीस वर्षांचा. हिशेब केला तर आमचेच वर्ष येते, किंवा एखादे इकडे-तिकडे. ओहोळ तोच की शेजारचा, हेही आता ओळखू येत नाही. जमाखर्चात ज्या रकमेचा मेळ लागत नाही, ती तात्पुरती उचंत खात्यात टाकतात. ही रक्कम आम्ही चोवीस वर्षे उचंत खात्यात ठेवली होती. पण ती दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर पडली असेल, हा विचार कधी मनात आला नव्हता.

आमची आजी सांगायची की गावात कोणाच्या घरी चोरी झाली तर पहिली झडती वेशीबाहेरच्या घरांची व्हायची. पुरावा लागत नसे, वस्ती पुरेशी असे. आजीच्या तोंडून हे ऐकताना आमच्या लहानपणी मुठी वळायच्या. आणि त्याच आम्ही आग मागे ठेवून निघून आलो. झडती झाली ती डोंगराच्या पायथ्याच्या, आपल्यासारख्याच गरीब वाडीची. बाबांचा भाऊ आमच्या आगीमुळे बसला की दुसऱ्या कोणाच्या, हे सांगता येत नाही. पण कोणीतरी चहा पिऊन निघून गेले होते, एवढे नक्की.

बाबा शेळ्यांमागे आडवे गेले आणि आम्ही वर निघालो. पुढे कातळ लागतो. अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या बसवल्या आहेत. मुले हसत-खिदळत चढत होती, आम्ही मागे. मंडळींनी विचारले, "दम लागला का?" आम्ही म्हणालो, "हो." अकराच्या सुमारास माथ्यावर पोचलो.

माथा लहानसा. तिथे कळसूबाईचे छोटे देऊळ आहे. आसपासच्या गावांची तिच्यावर श्रद्धा आहे, नवरात्रात गर्दी होते. आपण देवदेव करत नाही आणि दुसऱ्याच्या श्रद्धेची टवाळीही करत नाही. पण तिची जी गोष्ट लोक सांगतात, ती आम्ही मुलांना मुद्दाम सांगितली. कळसू ही कोळ्याची पोर. पायथ्याच्या एका घरी ती कामाला राहिली, ती अट घालूनच. भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. एके दिवशी घरच्यांनी तिला तेच काम सांगितले. तिने ते केले आणि तशीच डोंगरावर निघून गेली, ती परत आलीच नाही. भांडी घासली ती जागा थाळेमेळ, केर काढला ती काळदरा. गोष्ट खरी की खोटी, हा प्रश्न नाही. राज्यातल्या सर्वांत उंच माथ्याला नाव आहे ते एका मोलकरणीचे, दिलेला शब्द धन्याने मोडला म्हणून काम सोडणाऱ्या पोरीचे. आपल्या पूर्वजांनीही गावकीची लादलेली कामे अशीच सोडली. मुलींनी ही गोष्ट फार मन लावून ऐकली.

हवा स्वच्छ होती. पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग, दक्षिणेला रतनगड आणि लांब हरिश्चंद्रगड, उत्तरेला नाशिक जिल्हा. खाली भंडारदऱ्याचे पाणी चमकत होते. हे धरण 1926 साली पुरे झाले. सुमारे 11 टीएमसी पाणी त्यात मावते. तेच पाणी प्रवरेने अकोले, संगमनेर, श्रीरामपूर, राहुरीच्या शेतांना जाते आणि नेवासे तालुक्यात नदी गोदावरीला मिळते. आम्ही मुलांना म्हणालो, "या डोंगरांवरची माती सुटली की खाली जाऊन धरणात गाळ होऊन बसते. वणवा इथे लागतो, पाणी आपल्या नळाचे कमी होते."

भाकरी खाऊन झाली. मग आम्ही मुलांना 2001 ची गोष्ट सांगितली. सगळी सांगितली, धुराच्या रेघेसकट. सांगताना आवाज नीट राहिला नाही. गयाशीर्षाच्या टेकडीवर तथागतांनी आगीचेच उदाहरण देऊन भिक्खूंना लोभ, द्वेष आणि मोह समजावून दिले होते. विहारात हा उपदेश आम्ही किती वेळा समजावून सांगितला असेल! पण आपला विस्तव विझला असेलच, असे मानून एसटी पकडणे हाही मोहच, हे त्या माथ्यावर बसल्यावर कळले.

कोणी काही बोलले नाही. मग धाकटीने विचारले, "पप्पा, तुम्ही परत का नाही गेलात?"

आम्ही म्हणालो, "एसटी चुकली असती, बाळा."

याहून मोठे कारण आमच्यापाशी नव्हते. मंडळी म्हणाल्या, "म्हणून स्टोव्ह काढून ठेवलात." एवढेच. अकरावीतल्या एका मुलाने खिशातून काडेपेटी काढून आमच्या हातात दिली. ती त्याच्या खिशात कशाला होती, हे आम्ही विचारले नाही.

उतरताना मुलांनी वाटेवरच्या प्लास्टिकच्या बाटल्या आणि पुड्या गोळा केल्या, दोन पोती भरली. खाली बाबांच्या अंगणात पिठलं-भाकरी खाल्ली. मग आम्ही बाबांजवळ बसून त्यांनाही सांगितले. सांगायला फार जड गेले. आम्ही म्हणालो, "बाबा, ते आम्हीच असू किंवा नसू. पण आम्ही विस्तव टाकून गेलो होतो, हे खरं. तुमच्या भावाला भेटून सांगायचं आहे."

"भाऊ गेला, धा वर्सं झाली," बाबा म्हणाले.

ते रागावले नाहीत आणि माफ केले असेही म्हणाले नाहीत. बराच वेळ शेळीच्या पाठीवरून हात फिरवत बसले. मग म्हणाले, "फेब्रुवारीत जाळरेषा काढतो आम्ही. गवत कापायचं, पाचोळा झाडायचा. मानसं कमी पडत्यात. तवा या."

16 फेब्रुवारीला आम्ही गेलो. मोठी आठ मुले, मंडळी आणि आम्ही. गावातल्या माणसांनी पट्टा आखून दिला. त्यातले गवत विळ्याने कापायचे आणि पाचोळा झाडून माती उघडी करायची. आग पट्ट्यापर्यंत आली की तिला खायला काही उरत नाही, ती तिथेच अडते. काम साधे, पण कंबर मोडणारे. दिवसभरात आमच्याकडून जेमतेम दीडशे पावले झाली. एक मुलगी खराटा मारता मारता हसून म्हणाली, "काका, कळसूने केर काढला नाही आणि आपण इथे तिचाच डोंगर झाडतोय." आम्ही म्हणालो, "तिला हुकूम होता. आपण आपणहून आलोय."

आता वाचक बंधू-भगिनींना चार शब्द. आपली मुले आता सहलींना डोंगरावर जाऊ लागली आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. पण जानेवारी ते मे या दिवसांत गवताच्या डोंगरावर चूल, शेकोटी, बिडी-सिगारेट काही नको. कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे 1986 पासून अभयारण्य आहे. अभयारण्यात आग लावणे हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, राखीव जंगलात 1927 च्या वन कायद्याने. पण कायद्याच्या भीतीपेक्षा जिवाची भीती मोठी. 11 मार्च 2018 रोजी तामिळनाडूत कुरंगणीच्या डोंगरात फिरायला गेलेली तरुण मंडळी वणव्यात सापडली आणि वीसहून अधिक जणांचा जीव गेला. गवताची आग चढावर फार वेगाने धावते, कारण ज्वाळा वरच्या गवताकडे झुकून ते आधीच तापवतात. म्हणून धूर दिसला तर वर पळू नये. आडवे निघून कातळावर, ओहोळात किंवा आधीच जळून गेलेल्या मोकळ्या जागेवर जावे. ओल्या फडक्याने नाक-तोंड झाकावे. फोन लागला तर 112 ला कळवावे आणि पायथ्याच्या गावाला सांगावे. आणि आपल्या हातून चूक झाली असेल, तर एसटी चुकू द्यावी, पण मागे फिरावे.

बाबांच्या भावाची माफी आता मागता येणार नाही. ती बाकी आमच्या नावावर राहील. जाळरेषेच्या कामाला मात्र आम्ही दर फेब्रुवारीत जायचे ठरवले आहे. ज्यांना बरोबर यायचे असेल, त्यांनी घरून एक विळा आणि दुपारची भाकरी आणावी. काडेपेटी आणू नये.